पांढरी पाचच्या जरा वर

प्रिय पोरी,

तुझ्या लॉकडाऊनवरच्या गाण्याचा डेमो तीनदा ऐकला. आधी फोनवर, मग हेडफोन लावून आणि शेवटी मुद्दाम माझ्या जुन्या स्पीकरवर, ज्याचा एक वूफर फाटलाय. गाणं उभं राहतंय. गिटार छान करकरते, सिंथची (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची) ओळ डोक्यात राहते. पण ‘एकटी’ हा शब्द अकरा वेळा येतो (मोजलाय मी), आणि अकरापैकी एकदाही मला तू एकटी वाटली नाहीस. मागं चाळीस ट्रॅक वाजतायत. एवढ्या गर्दीत कोण एकटं असतं गं?

तू मला सांगितलेली गोष्ट या गाण्यात कुठंच नाही. २०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला, बेळगावच्या वडगावातले माग बंद पडले आणि त्या रात्री तुला झोप लागली नाही. जन्मापासून खटखट ऐकत झोपलेल्या पोरीला शांततेनं जागं ठेवलं. आई माहेरी गेलेली, शिनोळीच्या पलीकडं, महाराष्ट्रात, आणि सीमेवरचा नाका बंद. एरवी अर्ध्या तासाची वाट. सीमा ही आपल्याकडं मोर्चात नि भाषणात ऐकायची गोष्ट. तुमच्या घरी ती त्या दिवसांत पाटावर येऊन बसली. आई रोज रात्री फोनवर एकच विचारायची, ‘जेवलीस काय?’ आणि भिंतीपलीकडच्या अज्जी कन्नडमधून तेच विचारायच्या, ‘ऊट आयता?’ हे दोन प्रश्न सोडून तू ‘एकाकी काळोखाच्या गर्तेत’ लिहिलंस. गर्ता कुठं बघितलीस तू? अकराही ‘एकटी’ खोड. हे दोन प्रश्न ठेव, उत्तर देऊ नकोस.

तू म्हणाली होतीस, त्या शांततेत सगळ्यात मोठा आवाज फ्रिजचा होता. तू हसलीस, मी नाही हसलो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळं फ्रिज, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक यांची गुणगुण बहुतेक १०० हर्ट्‌झला ऐकू येते. पेटीवर मंद्रातली (खालच्या सप्तकातली) पांढरी पाच, पाचवी पांढरी पट्टी, ९८ हर्ट्‌झची. म्हणजे ती गुणगुण पांढरी पाचच्या जरा वर बसते, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. त्या दिवसांत घरोघरी तोच तानपुरा चालू होता. मग तुझं गाणं काळी दोनमध्ये का? सगळं उचल आणि पांढरी पाचवर आण. सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगचा आधारसूर ४४० हर्ट्‌झ असतो, तो ४४९ कर, म्हणजे फ्रिजशी जुळेल. गिटार कानानं लाव. ऐकणाऱ्याला कारण कळणार नाही, पण काहीतरी जागेवरून हललंय एवढं जाणवेल.

ड्रमचा तयार लूपही काढून टाक. वडिलांचा माग आहे ना? फोनचं नेहमीचं रेकॉर्डर ॲप वापरू नकोस, ते मोठा आवाज आपणहून दाबतं आणि खटक्याची धार मारतं. लेव्हल हातानं लावता येईल असं ॲप घे, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. एकदा मागाजवळ, एकदा दाराबाहेरून, एकदा गल्लीच्या टोकावरून. माग थांबतानाचे ठोकेही घे, ते सगळ्यात महत्त्वाचे. गाणं ऐन भरात असताना तिथं तोड आणि पुढची आठ आवर्तनं फक्त फ्रिज वाजू दे. तुला भीती वाटेल की लोक गाणं पुढं ढकलतील. ढकलू देत की.

हे यंत्रांचं संगीत आपलं नव्हे, असं तुला कुणी सुनावलं म्हणालीस. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातही वाजवणारे चरणजित सिंग नावाचे वादक होते. त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची टीआर-८०८ (ताल देणारं), टीबी-३०३ (खर्जाच्या ओळी वाजवणारं) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) ही यंत्रं घेऊन राग वाजवले. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती, ती त्यांनी मींडसारखी वापरली. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. मीही ऑर्केस्ट्रावालाच, पण माझ्या कीबोर्डवर २०२० चा गणपती नि पुढची लग्नसराई नुसती चादर होती. मला तेव्हा काही सुचलं नाही, हे खरं सांगतो.

आणि आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व. क्षय झाला, एक फुप्फुस निकामी झालं, डॉक्टरांनी गायला बंदी केली. देवासला पाच-सहा वर्षं ते बहुतेक अंथरुणावर होते. त्यांनी काय केलं? दारावरून जाणारी माळव्यातली लोकगीतं ऐकली. पुन्हा गायला बसले तेव्हा त्यांनी आजारपणावर गाणं रचलं नाही. ऐकलेल्या धुनांमधून बंदिशी केल्या, आणि श्वास तुटायचा तिथं ओळ तोडून तीच आपली गायकी केली. तुझा वरच्या सुरात श्वास पुरत नाही तिथं तू संगणकावर जोडकाम केलंयस. ते उसव.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. गाणं बाहेर काढण्याआधी गिटारवाल्या पोराशी कागदावर लिहून ठेव: चाल कुणाची, शब्द कुणाचे, कुणाला किती टक्के. मैत्री आहे म्हणूनच लिही. माझी एक चाल एका कॅसेटवर वाजली आणि वेष्टनावर नाव भलत्याचं होतं. कागद नव्हता, गप्प बसलो. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घे. गाणं ॲपवर चढवणाऱ्या वितरक कंपनीकडून आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) मिळेल, तो जपून ठेव. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. तिथं ३० सेकंद ऐकलं तरच मोजतात आणि वर्षात १,००० वेळा ऐकलं जाईपर्यंत पैसे सुरू होत नाहीत, तेव्हा त्या पैशावर नवीन सिंथ बुक करू नकोस. मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, आवाज ठेचून मोठा करण्यातही अर्थ नाही. ते लोक सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतात, आणि ठेचलेलं गाणं ठेचलेलंच राहतं.

पोस्टरवर मास्क आणि रिकामा रस्ता नको. ते सगळ्यांनी केलंय.

पुढच्या आठवड्यात मागाचं रेकॉर्डिंग घेऊन ये. फ्रिजचं रात्री दोननंतर घे, पंखा बंद करून. लॅपटॉपचा चार्जर आण, माझा त्याला बसत नाही. फाटक्या वूफरवरच ऐकू.

तुझा,
सर