डिसेंबरातला नवरंग

ठाणे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

येऊरच्या नाल्याकाठी नवरंग पक्षी दिसल्याचे तू कळवलेस आणि नंतर सलग तीन सकाळी तो न सापडल्याने खट्टू झालास. नवरंग पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो, वीण उरकतो आणि पावसाळा सरला की दक्षिण भारत व श्रीलंकेकडे जातो. म्हणून डिसेंबरातली नोंद आधी नीट तपासली पाहिजे. पाचोळा उलथणारा केशरी डोक्याचा कस्तुर हा दुसरा पक्षीही तेथेच असतो, त्याच्याशी गल्लत झाली नाही ना, ते पाहा. नवरंगाची आखूड शेपटी, डोळ्यावरचा रुंद काळा पट्टा, शेपटीखालचा लाल रंग, यांपैकी काय दिसले ते त्याच दिवशीच्या टिपणात पाहून कळव.

जूनमध्ये आपण नवरंग कानाने शोधतो, कारण तेव्हा त्याची दुहेरी शीळ रानभर ऐकू येते. आता विणीची निकड नसल्याने तो बराच वेळ गप्प राहील, फार तर पहाटे किंवा सांजेला एखादी शीळ घालील. त्यामुळे पक्ष्याऐवजी त्याचे अन्न शोध. साग पाने गाळू लागला की वरचा पाचोळा कोरडा खडखडीत होतो, पण नाल्याच्या सावलीतल्या वळणांवर पानांखाली ओल टिकते आणि किडे, गांडुळे तेथेच सापडतात. अशा जागा हेरून एकेका ठिकाणी निदान पाऊण तास न हलता बस. सातभाई पक्षी थव्याने पाचोळ्यात गलका करतात. एकट्या पक्ष्याची चाहूल निराळी असते, दोन-चार उड्या, मग स्तब्धता, मग पुन्हा पान उलथल्याचा आवाज.

हे राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे, येथे बिबट्या आहे. तेव्हा उजाडण्यापूर्वी आत शिरू नकोस आणि वनखात्याच्या फाटकावर विचारल्याशिवाय जाऊ नकोस.

ध्वनिमुद्रित शीळ मात्र मुळीच वाजवू नकोस. एका जूनमध्ये मी ती वाजवली होती आणि तो पक्षी चारा टिपायचे सोडून पुनःपुन्हा माझ्यासमोर येत राहिला. त्याची ती तगमग आठवली की आजही वाईट वाटते. मागे राहिलेला पक्षी जखमी असू शकतो, उशिरा उडू लागलेले पिल्लूही असू शकते. त्याला आपली दगदग नको. नेमकी जागाही सध्या कोणाला सांगू नकोस.

पक्षी दिसला नाही, तरी कोठे किती वेळ बसलास ते लिहून ठेव. तो कधी निघून गेला याचा अंदाज त्यावरूनच बांधता येईल. रविवारी मी येतो आहे. नाल्याचा हाताने काढलेला नकाशा, ओलीच्या जागांवर खुणा करून, बरोबर आण.

तुझा,
काका