आधी आकडा, मग नाव

चि. बाळा,

तुझा मेसेज वाचला. मालिकेत सेकंड लीड मिळतेय, पण पर डे, म्हणजे दिवसाचे पैसे किती, हे विचारलंस तर निर्माते "चेहरा आधी घराघरात पोचू दे, पैशांचं नंतर बघू" म्हणाले. आणि तू मलाच विचारतोस, हॉलिवूडच्या त्या जायमन हून्सूसारखं नाव झालं की पैसा मागून येतोच ना?

उदाहरण तूच काढलंस, आता ते पुरतं बघ. १९६४ साली बेनिनमधल्या कोटोनूत जन्मलेला हा मुलगा फ्रान्सला गेला, शाळा अर्धवट सुटली, पॅरिसच्या रस्त्यांवर झोपला. मॉडेलिंग करत अमेरिकेत पोचला. १९९७ च्या 'अमिस्टॅड' सिनेमासाठी मेंडे ही आफ्रिकेतली भाषा शिकला, गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळवलं. 'इन अमेरिका'मधला त्याचा आजारी चित्रकार बघच. "माझ्या बायकोवर प्रेम आहे का तुझं?" असं शेजारी चिडून विचारतो, आणि हा आवाज चढवून सांगतो की तुझ्यावर, तुझ्या मुलांवर, जे जे जगतंय त्या सगळ्यावर माझं प्रेम आहे. मृत्यू समोर दिसत असलेल्या माणसाचा तो जगण्याचा हावरेपणा मला अजून हलवतो. त्या भूमिकेला ऑस्करचं नामांकन मिळालं, 'ब्लड डायमंड'ला दुसरं. पुढे मार्व्हल झालं, डीसी झालं, म्हणजे मोठमोठे सुपरहिरोपट. जगभर लोक चेहरा ओळखतात. आणि २०२५ मध्ये हाच माणूस मुलाखतीत सांगतो की मी अजून पैशांसाठी झगडतोय, मला कमीच मोबदला मिळतो.

त्याच्या आड रंग आला, आफ्रिकेतून आलेला म्हणून त्याला पाहुणाच समजले. तुझं तसं नाही, मान्य. पण टाळ्यांमधून घरभाडं जात नाही, हे तुलाही लागू आहे. आकडा आधी, आणि तो कागदावर.

मी असा आकडा विचारला म्हणून एका मालिकेतून मला वगळलं. ती भूमिका दुसरीने केली, गाजली. ती मी जास्त चांगली केली असती, याची हळहळ अजून आहे. तरी मी बरोबरच होते. नाइटचं पाकीट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे किती, हे ठरल्याशिवाय मी नाटकाच्या तालमीलाही उभी राहिले नाही. हट्टी म्हणाले, म्हणू देत. ज्यांनी तोंड मिटून कामं केली, त्यातल्या किती जणांचे चेक अडकले ते मी जवळून बघितलंय.

गुणी आहेस रे, म्हणून तर जीव तुटतो. पण "विचारलं तर रोल जाईल" हे पुन्हा लिहू नकोस, मला राग येतो. जाऊ दे गेला तर.

उद्या त्यांना फोन कर. पर डे किती, महिन्याला किमान किती दिवस, चेक किती दिवसांनी, शिफ्ट लांबली तर काय, सगळं विचार आणि मेलवर मागून घे. कॉन्ट्रॅक्ट आलं की सही करायच्या आधी मला पाठव. रविवारी दुपारी घरीच आहे, जेवायलाच ये.

तुझी,
ताई