इंग्रजी कच्चं असताना स्पॅनिश शिकायला महिनाभर स्पेनला जावं का?

जा. आणि त्याआधी सहा महिने इंग्रजी सुधारण्यात घालवू नका.

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चोपड्याचे आहात, केळीच्या निर्यातीत उतरायचंय, स्पेनच्या सालामान्का शहरातल्या एका शाळेचा चार आठवड्यांचा स्पॅनिश कोर्स हेरून ठेवलाय, पैसे वसूल होतील का? आणि खाली एक ओळ, "माझं इंग्रजी कच्चं आहे, चालेल ना?" खरा प्रश्न वसुलीचा आहे, पण मला ती खालची ओळच डाचली. आमच्याकडे क्लास चालवणारे एक सर आहेत. "इंग्रजी हा पाया, त्यावर बाकीच्या युरोपियन भाषा" हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे, म्हणून इथे जरा लांबवतो.

नवख्यांच्या वर्गात पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक दिवस हमखास येतो. बाई फळ्यावर लिहितात: "मे गुस्ता एल प्लातानो". खाली दुसरी ओळ: "मे गुस्तान लोस प्लातानोस". आणि विचारतात, पहिल्यात गुस्ता, दुसऱ्यात गुस्तान, का बरं? आमच्या वर्गात जर्मन, डच, अमेरिकन सगळे वहीत "यो गुस्तो" लिहून बसलेले, म्हणजे 'मी आवडतो'. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता, म्हणून तो त्यांच्या डोक्यातून हलत नाही. बाईंनी बाण काढले, केळ्याचं चित्र काढलं, चाळीस मिनिटं गेली. आता हेच मराठीत म्हणा: मला केळं आवडतं, मला केळी आवडतात. संपलं. क्रियापद केळ्याच्या मागे जातं, 'मला' बाजूला उभा राहतो. अहिराणीत 'माले आवडस' म्हणणाऱ्याला हे कोणी शिकवायचं? डोकं दुखणं, पाय दुखणं हेही त्याच साच्यातलं.

हे एकच उदाहरण असतं तर मी वाद घातला नसता. 'मी गेलो' आणि 'मी जायचो' यातला फरक आपण न शिकता करतो. स्पॅनिशमध्ये तो 'फुई' आणि 'इबा' असा आहे आणि इंग्रजीवाल्यांना तो वर्षभर छळतो. पुढे बी-वन पातळीवर, म्हणजे ए-वन आणि ए-टूनंतरच्या तिसऱ्या पायरीवर, क्रियापदाचा सुबखुंतिवो नावाचा प्रकार येतो, ज्याच्या भीतीनं अर्धे लोक कोर्स सोडतात. 'किएरो के वेंगास' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं'. ते 'यावंस' आपल्याकडे आधीच आहे. तू आणि तुम्ही, नामांना लिंग, लिंगाप्रमाणे बदलणारं विशेषण, कर्ता गाळून बोलणं, सगळं घरचं. तरी आपली पोरं हे मराठी आधी इंग्रजीत नेतात, तिथे मोडतात आणि मग ते तुकडे स्पॅनिशमध्ये आणतात.

उच्चारांचंही तेच. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून होतात. पण इंग्रजी शाळेनं रोमन टी दिसला की ट म्हणायची सवय लावलीय, म्हणून आपला माणूस 'टोर्टिला' म्हणतो. 'तोर्तिया' म्हणा. त्यातल्या जोड-एलचा बहुतेक ठिकाणी य होतो. डोळ्याला डोया आणि काळ्याला काया म्हणणाऱ्या मुलखाला यात नवल वाटू नये. प, त, क यांत हवा सोडायची नाही, इंग्रजीवाल्यांचे फ-थ-ख सारखे होतात ते तिथे टोचतात. एच मुका. व आणि ब एकच. स्पेनच्या बऱ्याच भागात झेड आणि मऊ सी जीभ दातांत धरून म्हणतात, 'ग्राथियास'. आंदालुसियाचा मोठा भाग, कॅनरी बेटं आणि अख्खी लॅटिन अमेरिका 'ग्रासियास' म्हणते. तुमचं काम लॅटिन अमेरिकेकडच्या लोकांशी असेल तर सरळ स म्हणा, शाळा हरकत घेत नाही.

आपण मार खातो तो आघातात. मराठीत आघातानं अर्थ बदलत नाही, तिथे बदलतो. 'आब्लो'मध्ये जोर आ वर दिला तर 'मी बोलतो', ब्लो वर दिला तर 'तो बोलला'. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून वहीत देवनागरी उच्चार लिहायची सवय पहिल्या आठवड्यानंतर मोडा. आणि वय सांगताना एन्ये अक्षराचा नीट 'न्यो' करा. 'वीस आन्योस'चं 'वीस आनोस' झालं की वर्षांऐवजी गुदद्वारं होतात आणि वर्ग दहा मिनिटं थांबतो.

आता शाळेचं. जाहिरातीत 'आठवड्याला 20 तासिका' असतं. तासिका किती मिनिटांची ते विचारा. 45 ची असेल तर आठवड्याचे 15 तास होतात, चार आठवड्यांचे 60. एवढ्यात शून्यातून फार तर एक पायरी चढता येते. म्हणून शून्यावर जाऊ नका. ए-वन इथेच करा: इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेचं केंद्र दिल्लीत आहे, ऑनलाइन कोर्सही आहेत. तिथे जाऊन ए-टूला बसलात तर तेच पैसे दुप्पट कामाचे. कारण साधं आहे. शून्याच्या वर्गात मधल्या सुट्टीत सगळे इंग्रजीत बोलतात, ए-टूच्या वर्गात मोडकं का होईना स्पॅनिश चालतं.

शाळांमधली मोठी खोट म्हणजे दर सोमवारची भरती. अगदी नवख्यांचे वर्ग ठरावीक सोमवारीच सुरू होतात, बाकी वर्गांत दर सोमवारी दोन नवे येतात, दोन जातात, आणि धडा मध्येच चालू असतो. पातळी ठरवायला लेखी चाचणी आणि थोडं तोंडी बोलणं असतं. आपली पोरं लेखी व्याकरणात पटापट गुण काढतात आणि वरच्या वर्गात जाऊन मुकी बसतात. चाचणी देताना भाषांतराचं ॲप उघडू नका, आणि वर्ग जड वाटला तर मंगळवारीच ऑफिसात सांगून बदलून घ्या. शुक्रवारी सांगून आठवडा परत येत नाही. वर्गात जास्तीत जास्त किती जण, आणि स्थानिक सुट्टीचा बुडालेला तास भरून देतात का, हे दोन प्रश्न ईमेलवर विचारा. तिसरा, व्हिसा नाकारला तर फी परत मिळते का. पैसे बँकेतून पाठवताना मधल्या बँकांचे चार्ज आपणच भरू असा पर्याय निवडा, नाहीतर शाळेला रक्कम कमी पोचते आणि प्रवेशपत्र अडकतं.

चार आठवडे म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा: 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, आणि किमान 30,000 युरोचा आरोग्य विमा.

राहायला घरगुती सोय घ्या, पण जेवणाचं आधी लिहून कळवा. नुसतं 'शाकाहारी' म्हणू नका. 'कार्ने' नको म्हटलं की त्यांच्या हिशेबात मांस टळतं. खामोनचे तुकडे आणि सॅलडमधला टूना तसाच राहतो. सालामान्का तर डुकराच्या मांडीच्या खामोनचा मुलूख. मसुराची 'लेंतेखास' ताटात आली की आपली आमटी समजून हात मारू नका, तळाला चोरीसो, म्हणजे डुकराचा सॉसेज, असतो. मांस, मासे, खामोन, टूना, मटणाचं पाणी, प्रत्येक गोष्ट वेगळी नावानं लिहा आणि अंडं चालतं की नाही तेही. चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे तिथलं जाड ऑम्लेट, तारून नेतं. भरताची आठवण आली तर 'एस्कालिवादा' शोधा: वांगं, ढोबळी मिरची, कांदा निखाऱ्यावर भाजून, सोलून, वर ऑलिव्हचं तेल. कॅटलोनियाचा पदार्थ आहे, तिखट मात्र अजिबात नाही. आणि रात्रीचं जेवण 9 च्या पुढे, हे पोटाला सांगून ठेवा.

वसुलीचं विचारलंत, तर केळी विकायला स्पॅनिश लागेल असं वाटत असेल तर चुकताय. आपला माल मुख्यतः आखाती देशांत जातो. जगात सगळ्यात जास्त केळी बाहेर पाठवणारा एक्वादोर स्पॅनिश बोलतो, पण तो तुमचा गिऱ्हाईक नाही, स्पर्धक आहे. फायदा आहे तो त्यांच्या पॅकहाऊसवाल्यांशी, बागायतदारांशी बोलून शिकण्यात. तिथे शब्द जपून वापरा. स्पेनमध्ये 'प्लातानो' म्हणजे कॅनरी बेटांचं खायचं केळं. एक्वादोर-कोलंबियात 'प्लातानो' म्हटलं की भाजीचं केळं समजतात, निर्यातीच्या केळ्याला 'बानानो' म्हणतात. घड म्हणजे 'रासीमो', फणीला 'मानो' म्हणजे हात, एकेका केळ्याला 'देदो' म्हणजे बोट. बुंध्याशी फुटणाऱ्या पिलाला 'इखुएलो', ठिबकला 'रिएगो पोर गोतेओ'. हे शब्द शाळेच्या पुस्तकात नसतात. आठवड्यातून दोन तासिका एकट्यासाठी घेऊन शिक्षकाकडून असा मजकूर वाचून घ्या. बहुतेक शाळा ते वेगळ्या फीवर करतात.

एवढं बोललो तरी हे सांगायला हवं की मराठीचा फायदा सगळीकडे नाही. आपल्या एका 'आहे'साठी तिथे सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत. 'सोय आबुर्रिदो' म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे, 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणजे मला कंटाळा आलाय. आपला माणूस हमखास पहिलं म्हणतो. भूक 'लागत' नाही, ती 'असते': तेंगो आम्ब्रे. 'पोर' आणि 'पारा' (दोन्हींचा ढोबळ अर्थ 'साठी') या दोन अव्ययांना तर मराठीची काहीच मदत नाही. इंग्रजीही थोडं लागतंच: व्हिसाचा अर्ज, विमानतळ, आणि ए-वनची बरीच पुस्तकं. पण ते अर्ज भरण्यापुरतं इंग्रजी चोपड्याच्या कुठल्याही कॉलेजातून निघालेल्या माणसाला येतं. आमच्या सरांना हे मी दोनदा सांगून पाहिलंय. त्यांचं म्हणणं, गुस्तारचं माझं उदाहरण अपवाद आहे. मग 'फुई-इबा'चं काय, यावर ते अजून विचार करतायत.