चीनची सुरुवात वाचायचीय? आधी आन्यांग धरा

दंतकथेतला आदिपुरुष पीत सम्राट आणि परंपरेने पहिलं मानलेलं शिया घराणं यांच्यापासून सुरुवात करू नका. दंतकथा कुठे संपते तेच कळेनासं होतं. सरळ आन्यांग धरा. इ.स.पू. १२५० च्या सुमाराची शांग घराण्याच्या राजांची ही राजधानी.

तिथली कौलाची हाडं नीट बघा. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच घ्यायचं, मागून खळगे कोरून तापवायचं आणि तडा कसा जातो त्यावरून कौल ठरवायचा. प्रश्नही तिथेच कोरायचा. वू डिंग राजाची राणी फू हाओ हिच्या बाळंतपणाचा कौल तर वाचाच. राजाने शुभ दिवस सांगितले, पण ती भलत्याच दिवशी बाळंत झाली. पुढची नोंद: शुभ नाही, मुलगी झाली. (तेव्हाही हेच!) आणि ही बाई स्वतः सैन्य घेऊन लढाईवर जायची. तिची न लुटलेली कबर १९७६ मध्ये सापडली.

मग मागे, आन्यांगच्याही आधीच्या, पीत नदीच्या खोऱ्यातल्या एरलितौ या स्थळाकडे वळा. पण पीत नदीलाच चिकटून बसू नका. यांगत्से नदीच्या मुखाकडच्या लिआंगजूत आन्यांगच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधीच तटबंदीचं शहर, धरणं आणि जेडचं अप्रतिम काम होतं. घराण्यांची यादी नंतर पाठ करा.