गाजलेलं नाटक बघितलं आणि काहीच वाटलं नाही?

सगळे डोक्यावर घेऊन नाचतायत आणि तू मात्र मध्यंतराची वाट बघत बसलास, तर तुला नाटकातलं कळत नाही वगैरे हे आधी डोक्यातून काढून टाक. पण नुसतं 'बोअर झालं' म्हणून सोडूनही देऊ नकोस. संहिता, दिग्दर्शन, अभिनय आणि त्या दिवशीचा प्रयोग या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, नेमकं कुठे खटकलं ते बघ. रशियन नाटककार चेखॉव्हचं 'द सीगल' १८९६ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिल्याच प्रयोगाला आपटलं होतं आणि तेच नाटक १८९८ ला मॉस्को आर्ट थिएटरने बसवलं तेव्हा लोकांनी उचलून धरलं!

आणि कुठे बसला होतास? हे फार महत्त्वाचं असतं, बाल्कनीत मागे बसलं की नट संवाद संपल्यावर नुसता ओठ आवळतो, हातातला कप खाली ठेवायचा विसरतो, ते काहीच पोचत नाही, आपल्याला फक्त शांतता ऐकू येते आणि वाटतं हा थांबला का. माझ्या मते निम्मी निराशा इथेच होते. उरलेली जास्त कौतुक वाचून गेल्यामुळे, तेव्हा परीक्षणं नंतर वाचत जा.

जमलं तर संहिता मिळवून वाच, मग पुढच्या रांगेचं तिकीट काढून परत एकदा बघ. तरीही नाही आवडलं तर नाही आवडलं, बिनधास्त सांग, फक्त एखादा प्रवेश धरून सांग.