पाच वॅटला साजेसा स्पीकर

प्रश्न : गेल्या दिवाळीत किट आणून ईएल८४ व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड (दर चॅनेलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला) अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडला. दर चॅनेलला पाच वॅट. खोली बारा बाय चौदा फूट, बसतो नऊ-दहा फुटांवर. ऐकतो मुख्यतः ख्याल, तोही रेकॉर्डवरून : मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई. स्पीकर लहान आहेत, फळीवर मावणारे. मागे ८६ डेसिबल, ४ ओम असं छापलंय. तारा ८ ओमच्या टर्मिनलला जोडल्या आहेत. विलंबित ऐकताना डोळे भरून येतात, पण द्रुत सुरू झालं की तबला फाटतो. मित्र म्हणतात, पन्नास वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घे. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायर मुळीच विकू नका. त्याचा काही दोष नाही. आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा ८ ओमवरून काढा आणि ४ ओमच्या टर्मिनलला लावा. ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, इम्पिडन्स. तो टर्मिनलवरच्या आकड्याच्या निम्मा असल्यानं तुमच्या व्हॉल्व्हवर आज अकारण दुप्पट ओझं आहे. एवढ्यानं तबल्याचं फाटणं थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

आता तो ८६चा आकडा, म्हणजे ठरावीक वीज दिली की स्पीकर किती मोठा वाजतो ते, त्याची संवेदनशीलता. बहुतेक कंपन्या तो २.८३ व्होल्ट देऊन, एक मीटरवर मोजतात. स्पीकर ८ ओमचा असेल तर तेवढ्या व्होल्टला एक वॅट लागतो, ४ ओमचा असेल तर दोन. म्हणजे एका वॅटला तुमचा स्पीकर खरा ८३ डेसिबलचाच. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. त्या हिशेबानं पाच वॅटला तुम्हाला मीटरभरावर ९० मिळतात आणि नऊ-दहा फुटांवर पंच्याऐंशीच्या आसपास. गाणं सरासरी सत्तर-बाहत्तरवर चाललं असेल, तरी द्रुतातली तबल्याची खणखणीत थाप क्षणभर त्याच्या पंधरा-वीस डेसिबल वर उडी मारते. तिथे अ‍ॅम्प्लिफायरचा श्वास संपतो. तुम्ही ऐकता ते फाटणं हेच.

एका वॅटला ९६ डेसिबल देणारा स्पीकर आणलात तर फरक १३ डेसिबलचा, म्हणजे वीस पट. तुमचे पाच वॅट त्याच्यावर जे करतील, ते आजच्या स्पीकरवर करायला शंभर वॅट लागतील. मित्रांना एवढंच सांगा.

हे मीही उशिराच शिकलो. पहिला ईएल८४ अ‍ॅम्प्लिफायर जोडला तेव्हा तारसप्तकातली प्रत्येक तान चिरकायची. मी दोन महिने कपॅसिटर बदलत बसलो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेतला. मग मामांच्या घरी, साताऱ्याला, बंद पडलेला रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत) होता. त्यातल्या दहा इंची स्पीकरला सहज तारा लावल्या. हलका कागदी कोन (हलून आवाज काढणारा शंकू), पाठ उघडी, लाकडी पेटी. आवाजाची कळ पावही फिरवली नव्हती आणि माजघरातून मामी बाहेर आल्या. अ‍ॅम्प्लिफायर तोच, व्हॉल्व्ह तेच. तो स्पीकर चार-पाच वॅटसाठीच घडवलेला होता. (चालू स्थितीतला रेडिओग्राम मात्र स्पीकरसाठी फोडू नका. तशी माणसं भेटली की वाईट वाटतं.)

जुन्या काळी सगळेच याच वाटेनं जात. १९३०च्या दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ९१ए हा अ‍ॅम्प्लिफायर चित्रपटगृहांत असे, त्याची ताकद जेमतेम आठ वॅट. पडद्यामागे मोठाले हॉर्न (आवाज वाढवणारे कर्णे) होते म्हणून तेवढ्यात प्रेक्षागृह भरायचं. वॅट महाग होते, लाकूड स्वस्त. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि स्पीकरच्या पेट्या आकसत गेल्या. लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त संवेदनशीलता ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत, दोनच मिळतात. म्हणून फुटभर उंचीच्या स्पीकरवर कुणी ९५ लिहिलं असेल, तर खर्ज गेला आहे किंवा आकडा फुगवला आहे, असं समजा.

आता घ्यायचं काय? क्लिप्शचा हेरसी हा १९५७पासूनचा हॉर्नवाला स्पीकर, कंपनीचा आकडा ९९. कंपन्या अनेकदा खोलीची मदत धरून आकडा देतात, तेव्हा तीन-चार डेसिबल मनातून वजा करा. तरी पाच वॅटला तो सहज पुरतो. गळा समोर येऊन उभा राहतो, डग्ग्याची अगदी खालची घुमारी थोडी कमी. किंमत मात्र जड आहे.

फॉस्टेक्स, लोथर यांचे एकाच कोनाचे फुल-रेंज स्पीकर क्रॉसओव्हरशिवाय (खर्ज आणि तारस्वर वेगळे करणाऱ्या सर्किटशिवाय) चालतात. तानपुरा आणि गळा त्यांच्यावर इतका एकसंध येतो की काही लोक आयुष्यभर दुसरं काही ऐकत नाहीत. मला मात्र किशोरीताईंचा वरचा षड्ज त्यांच्यावर टोचतो. हॉर्नसारखी वळणावळणाची पेटी असेल तरच खालचा भाग भरतो, आणि ती करणारा सुतार मिळणं कठीण.

तुमच्या जागी मी असतो तर पीएसाठी (सभा-समारंभातल्या ध्वनिक्षेपणासाठी) बनणारा बारा इंची कोअ‍ॅक्सिअल ड्रायव्हर (खर्जाचा आणि तारस्वराचा स्पीकर एकाच मध्यावर बसवलेला) घेतला असता, ८ ओमचा, ९६-९७ डेसिबलचा, आणि १८ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवूडची साधारण ऐंशी लिटरची पेटी करून घेतली असती. मापं ड्रायव्हर बनवणाऱ्यानं सुचवलेलीच ठेवा. ‘पीए म्हणजे लग्नाच्या मांडवातला’ असं म्हणून लोक नाक मुरडतात, ते चूक आहे. त्याचा मॅग्नेट जबर असतो आणि साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर खर्ज कोरडा वाटतो. तुमच्यासारख्या अ‍ॅम्प्लिफायरची कोनावरची पकड मुळात सैल, त्यामुळे तोच खर्ज इथे थोडा भरून येतो. दोघांची उणीव एकमेकांत जिरते.

विकत घेण्याआधी इम्पिडन्सचा आलेख (कोणत्या स्वराला किती ओम) मागा. ८ ओम लिहिलेला स्पीकर मधेच ३ ओमवर कोसळत असेल तर ९६ असूनही सोडून द्या. जिथे आलेखाचे चढउतार मोठे, तिथे तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजही त्यांच्यामागे चढतो-उतरतो. आणि दुकानात त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकून पैसे देऊ नका. आपला अ‍ॅम्प्लिफायर पिशवीत घालून न्या, सोबत फाटणारं तेच द्रुत न्या.

प्रश्न : माझ्याकडे बीबीसीच्या रचनेचा एलएस३/५ए आहे, १५ ओमचा. त्यावर २ए३ व्हॉल्व्हचा साडेतीन वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर चालेल का? खोली लहान, टेबलाशी बसून चार फुटांवर ऐकतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हा स्पीकर जेमतेम ८२-८३ डेसिबलचा, त्यामुळे वर लिहिलेल्या हिशेबात तो बसत नाही. पण १५ ओम असल्यानं व्हॉल्व्हवर ओझं कमी पडतं. १६ ओमचं टर्मिनल असेल तर तेच वापरा. हा स्पीकर मुळात प्रक्षेपणाच्या गाडीत जवळून ऐकण्यासाठी आखलेला होता. चार फुटांवर, रात्री, हळू आवाजात एखादी ठुमरी किंवा सतार उत्तम वाजेल. पखवाज लावू नका. अ‍ॅम्प्लिफायर अजून घेतला नसेल, तर ईएल८४च्या जोडीचा पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह मिळून काम वाटून घेणारा), दहा-बारा वॅटचा बघा.