कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांनी मुलाला शालेय बेसबॉल स्पर्धेत पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून खेळवावे का?

नाही, आपल्या 17 वर्षांच्या मुलाच्या कोपरातील आतल्या बाजूच्या लिगामेंटची (हाडांना एकमेकांशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याची) पुनर्रचना होऊन पाचच महिने झाले असतील, तर दुखणे थांबले असले तरी त्याला या हंगामात पिचर म्हणून उतरवू नये, कारण सामन्यात परतण्यास साधारणपणे 12 ते 18 महिने लागतात. लिगामेंटच्या जागी बसवलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडात रुजून वेगवान फेकीचा ताण सोसण्याइतकी पक्की होण्यास वर्षभराचा काळ जातो, आणि दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते. फसगत होते ती इथेच. डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम ज्याच्यावर केली, तो टॉमी जॉन हा व्यावसायिक पिचरसुद्धा 1975 चा संपूर्ण हंगाम बाहेर राहून 1976 मध्ये परतला. सध्या सर्जनची परवानगी असल्यास सपाट जमिनीवरून, थोड्या अंतरावर, हलक्या हाताने चेंडू फेकण्यास हरकत नाही. पिचर ज्यावर उभा राहून फेकतो त्या उंचवट्यावरून पूर्ण जोराची फेक आणखी काही महिन्यांनी. आपल्याकडे यवतमाळच्या खेड्यांत आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: खेळ बंद असला तरी शेतीची कामे चालूच असतात, तेव्हा दांड्याचा फवारणी पंप चालवणे, विहिरीचे पाणी शेंदणे आणि कापसाची गाठोडी उचलणे ही कामे त्या हाताने करावीत की नाही, हेही डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. मात्र शस्त्रक्रिया लिगामेंटची नसून कोपराच्या वाढत्या हाडाचा निखळलेला तुकडा स्क्रूने बसवण्याची असेल, तर वरील कालावधी लागू होत नाही; तेथे हाड जुळल्याचा एक्स-रे पाहूनच सर्जन वेळ ठरवतात.